मासा पडल्यावरची चव

पाडव्याच्या आठवड्यात आमच्या खानावळीच्या मागच्या दाराशी कैरीचं पहिलं पोतं उतरलं आणि मी सवयीनं गल्ल्यावरून उठलो. निम्म्या वाटेत लक्षात आलं, आत आपल्याला कुणी बोलावलेलं नाही. आता आत नवा आचारी आहे. चांगला आहे, शिकून आलाय, सगळं काट्यावर तोलून टाकतो आणि पळीतलं कालवण स्वतःच्या तळहातावर घेऊन स्वतःच चाखतो. त्याला माझी गरज नाही. मी परत येऊन बसलो. पंखा फिरत होता तरी उकडत होतं. शाहूपुरीतली चैत्रातली दुपार अशीच असते. समोरच्या दुकानांची शटरं निम्मी खाली येतात आणि माणूस बसल्या जागी दमतो.

मारुती वस्तादांबद्दल लिहायचं मी बरेच दिवस टाळत होतो. लिहायला बसलं की त्यांच्याऐवजी माझंच काहीतरी पुढं सरकतं, आणि ते मला नको असतं. पण मला स्वतःला पूर्ण बाहेर ठेवून त्यांची गोष्ट सांगता येत नाही. आमच्याकडच्या त्यांच्या शेवटच्या काही वर्षांत कालवण त्यांच्या हातचं असायचं आणि जीभ माझी.

वस्ताद म्हटलं की आमच्या गावात लोकांच्या डोळ्यांपुढं तालीम येते. यांना पाहिलं की ती लगेच पुसली जायची. किरकोळ अंग, पुढं आलेला कंठमणी, खांद्यावर पंचा, डोक्याला टक्कल, कानांवर तेवढी केसांची झुलपं. आवाज मात्र दोन गल्ल्या ओलांडून जाणारा. ते आत कुणावर ओरडले की बाहेर जेवणारा माणूस उगाच सरळ बसायचा. मूळचे गगनबावड्याकडचे, अगदी घाटाच्या काठावरचे. आई घाटाखालची. त्यामुळं बोली आमची आणि हाताला चव खालची, असं ते रसायन होतं.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यांना मटणासाठी ठेवलं होतं. पहिल्याच आठवड्यात वस्ताद म्हणाले, "आबा, मटाण गावात कुणीबी करंल. मला एक चूल माशाला द्या." कोल्हापुरात मासा म्हणजे मटण संपल्यावर खायची वस्तू. आबांनी हसून कोपऱ्यातली चूल दिली. पुढं लोक त्या कोपऱ्यासाठीच यायला लागले.

सकाळी घाट चढून माशाचा टेम्पो यायचा. वस्ताद दारात उकिडवे बसून एकेक मासा शेपटीला धरून उभा करायचे. ताठ राहिला तर घ्यायचा, मान टाकली तर टेम्पोवाल्याकडं बघायचं.

"पावणं, ही सुरमई कवा गेली?"

"आज पहाटंचीच की, वस्ताद."

"खरं सांगा. सुतक कवापास्नं धरायचं ते ठरवाय बरं पडतंय."

टेम्पोवाला दात काढायचा आणि बर्फाच्या तळातला दुसरा मासा काढून द्यायचा. हे रोज चालायचं, त्याच शब्दांत, आणि दोघंही रोज नव्यानं हसायचे.

त्यांची खरी लढाई गिऱ्हाइकाशी होती. आमच्याकडं उन्हाळ्याच्या तोंडाला घरोघरी वर्षाची कांदा-लसूण चटणी होते, गल्लीभर मिरच्या वाळत असतात. ती चटणी पडल्याशिवाय कोल्हापूरकराला जेवल्यासारखं वाटत नाही. माशाच्या चुलीपाशी मात्र तिला बंदी होती. "त्या चटणीत पायातलं पायताण शिजवलं तरी आपली माणसं बोटं चाटत खातील," ते म्हणायचे. "मासा म्हंजे बोकड न्हवं. त्याला दाबू नका, बोलू द्या."

दुसरी बंदी मिठाची. आमच्या टेबलांवर मिठाची वाटी ठेवायची नाही आणि ताटाच्या कडेला मीठ वाढायचं नाही, हा वस्तादांचा कायदा. "मागनं मीठ मागणं म्हंजे आचारी मेला म्हणून सांगणं," असं त्यांचं म्हणणं.

एकदा निपाणीकडचे तंबाखूचे एक व्यापारी जेवायला आले. अण्णा म्हणत त्यांना सगळे. भरदार माणूस, पांढरं धोतर, आवाज वस्तादांच्या तोडीचा. ताट समोर आलं, बोट लावायच्या आधीच ते गरजले, "ए, मीठ आण रे!" वाढपी किसन जागच्या जागी थिजला. आतून वस्ताद पंचाला हात पुसत आले आणि अण्णांसमोरच्या खुर्चीवर बसले.

"पावणं, आधी दोन घास खावा. मग मीठ मागा, मी सोता आणून देतो."

"आणि न्हाई पटलं तर?"

"तर ताट माझ्या डोसक्यावर पालथं घाला. टक्कल हाय, धुवाय सोपं."

सगळी खानावळ बघत होती. अण्णांनी पहिला घास घेतला, मग दुसरा, मग न बोलता तिसरा. मान वर न करता म्हणाले, "आता उठा की. समोर बसून माझा मासा मोजालाय व्हय?" त्या दिवसापासून अण्णा महिन्यातून एकदा तरी यायचेच. येताना वस्तादांना निपाणीची तंबाखू आणायचे, आणि मीठ त्यांनी परत कधी मागितलं नाही. म्हणजे तेव्हा नाही.

वस्तादांचा खरा हंगाम चैत्र. शेवग्याची शेवटची फुलं, आजऱ्याकडचे ओले काजू, फणसाची कोवळी कुयरी, पन्हाळ्याची एक म्हातारी आणून द्यायची ती कच्ची करवंदं, आणि कैरी. ओल्या काजूत कोळंबी, कुयरीत सुकट, करवंदाच्या आंबटात तारली मासळी. पण जीव कैरीवर. "आमसूल म्हंजे पेन्शनीतला माणूस," ते म्हणायचे. "वर्षभर एकच बोलतंय. कैरीचं रोज निराळं." पहिली कैरी तुरट असते, तिला ते हळुवार माशात घालायचे. मग ती खरी आंबट होते, तेव्हा बांगडा आणि तिरफळ. अक्षय तृतीयेच्या सुमारास ती पाडाला येते, आतून पिवळी पडते, तेव्हा कोळंबी. आंबट बदललं की मीठ बदलतं, मीठ बदललं की तिखट. त्यामुळं बाकीचं वर्ष हाताच्या अंदाजावर निघालं तरी चैत्रात रोज चाखावंच लागतं.

आणि वस्ताद चाखत नव्हते.

त्यांची बायको पारूवहिनी आमच्याच आतल्या खोलीत वाटण वाटायची. तिला किडनीचं दुखणं लागलं. दवाखाने झाले, गावचं देवऋषीपण झालं. शेवटी वस्ताद अंबाबाईपुढं उभे राहिले. आबांनी त्यांना सुचवलं होतं, सोडायचं तर तंबाखू सोडा. वस्ताद म्हणाले, "तंबाखू सोडली तर माझंच भलं हुतंय. देवीला त्यातनं काय मिळालं?" आणि त्यांनी मासा सोडला. शिजवणं पोटासाठी, ते सुटणार नव्हतं. पण जिभेवर घ्यायचा नाही. रस्सासुद्धा नाही.

पारूवहिनीला हे कळलं तेव्हा ती अंथरुणावरून हसली होती म्हणे. "सोडायचाच हुता तर राग सोडायचा हुता. मासं कशापायी सोडलं येड्यानं?"

पुढचा चैत्र तिनं पाहिला नाही.

सगळे दिवस झाल्यावर वस्ताद कामावर आले. नवस फळला नाही, म्हणजे सुटला, असं आम्ही सगळ्यांनीच धरलं होतं. आबांनी स्वतः तळलेल्या बांगड्याची ताटली त्यांच्यापुढं केली. "खा आता मारुती. झालं ते झालं." वस्तादांनी ताटली हातात घेतली, वास घेतला आणि परत दिली.

"आबा, देवीनं तिचं केलं न्हाई, म्हणून मीबी माझं करू नये व्हय?"

आबांनी ताटली आत नेऊन ठेवली.

मग प्रश्न आला की चाखायचं कुणी. मासा पडायच्या आधीचं सगळं, वाटण, कैरी, उकळता रस्सा, ते स्वतः चाखायचे. अर्धं मीठ तेव्हा. पण मासा पडला की तो पाणी सोडतो, मीठ पितो, सगळं हलतं. उरलेलं मीठ तेव्हा लागतं, आणि तेव्हा वस्तादांचं तोंड बंद. मासे साफ करणाऱ्या आक्काताईची जीभ मिश्रीनं करपलेली. किसनच्या गालात सदा गुटखा. आबा तोवर थकले होते. राहता राहिलो मी.

"आख्ख्या खानावळीत एकच निर्व्यसनी जीभ," वस्ताद म्हणाले, "आणि ती बी मालकाची. नशीब बघा."

मी मटणावर वाढलेला माणूस. काट्याला भिणारा. मला त्यांनी रोज सकाळी चुलीपाशी उभं केलं.

"धाकलं मालक, कसं हाय?"

"बरं आहे."

"बरं? बरं हाय का असं दवाखान्यात इचारत्यात. आंबट कुठं लागलं? शेंड्याला का कडंला?"

"कडेला."

"आधी आंबट आलं का आधी तिखट?"

"बहुतेक आंबट."

"बहुतेक म्हंजे तुमी नुस्तं गिळलासा. पुन्यांदा घ्या."

मी पुन्हा घ्यायचो. ते माझ्या तोंडाकडं बघत राहायचे, गिळताना गळा कसा हलतो तेही बघायचे. मग मुठीतलं मीठ थोडं सोडायचे आणि पळी परत माझ्याकडं. हळूहळू मला कळायला लागलं. तिरफळ जिभेवर उशिरा येतं हे कळलं, कैरीचा तुरटपणा घशाशी जाऊन बसतो हे कळलं. पन्नाशीकडं झुकलेल्या माणसाला कुणीतरी नवं काही शिकवावं, हे फार जणांच्या वाट्याला येत नसेल. मी मात्र ते रोजच्या कामासारखं उरकत होतो.

आक्काताई त्यांना चिडवायची. "वस्ताद, चाटा की जरा. देवी काय क्यामेरं लावून बसलीया व्हय?"

"देवी न्हाई बघत, आक्का. मी बघतोय की."

अशी काही वर्षं गेली. आबा गेले. गल्ल्यावरच्या खुर्चीला माझ्या पाठीचा आकार आला. एका दिवाळीनंतर डॉक्टरांनी मला ब्लडप्रेशर सांगितलं. गोळी सुरू झाली आणि मीठ तोडलं. बायकोनं लोणच्याची बरणी वरच्या फळीवर नेऊन ठेवली. सुरुवातीला जेवण कागद चावल्यासारखं लागायचं. हिवाळा संपेपर्यंत मला तेच चवीचं वाटायला लागलं, आणि बदललो आहोत हे मी विसरूनही गेलो.

त्या काळात आमसुलाचंच कालवण असायचं, हाताच्या अंदाजाचं. मी चाखल्यासारखं करून नुसती मान हलवायचो. मग चैत्र आला, कैरी आली, आणि पळी पुन्हा नीट माझ्या तोंडापुढं आली.

"वस्ताद, जरा खारट झालंय."

"खारट?" त्यांनी पातेल्याकडं पाहिलं. "मी तर नेहमीचंच टाकलं."

"जास्त लागतंय खरं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कमी टाकलं. मी म्हणालो, अजून थोडं कमी चालेल. तिसऱ्या दिवशी आणखी कमी. मीठ उतरलं तशी कैरी उघडी पडली, म्हणून कैरीच्या फोडी कमी झाल्या. आंबट उतरलं म्हणून मिरची उतरली. माझ्या एका शब्दावर सगळं पातेलं खाली खाली जात होतं आणि मी समाधानानं मान डोलवत होतो. खरंच सांगतो, मला ते त्यांचं सगळ्यात चांगलं कालवण वाटत होतं.

एका दुपारी मी आत पाणी प्यायला गेलो तर वस्ताद मिठाच्या बरणीपाशी एकटेच उभे होते. मूठ भरत होते, उघडून तळहाताकडं बघत होते, मीठ परत बरणीत सोडत होते, पुन्हा मूठ भरत होते.

"काय झालं, वस्ताद?"

"हात म्हातारा झाला, धाकलं मालक," ते म्हणाले. "अंदाज सुटला." हे त्यांनी इतक्या हळू आवाजात सांगितलं की आधी ते बोलले हेच मला कळलं नाही.

त्या आठवड्यात किसन गल्ल्यापाशी आला. "मालक, गिऱ्हाईक मीठ मागालंय. एकजण न्हवं, सगळीच. वस्तादांना कसं सांगायचं? तुमीच सांगा की."

तेव्हा मला कळलं. सगळं एकदम कळलं, वरच्या फळीवरच्या बरणीसकट.

"सांगतो," मी म्हणालो.

मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू असं करत राहिलो. सांगायचं म्हणजे जीभ गेली हे कबूल करायचं, मग चाखायचं कुणी हा प्रश्न, मग त्यांचा आवाज. मी दमलेला होतो, हेही एक कारण आहे, फार मोठं नसलं तरी. मी भांड्याच्या दुकानात गेलो आणि स्टीलच्या छोट्या वाट्या आणल्या. किसन त्या मीठ भरून पाण्याच्या जगामागं लपवून ठेवायला लागला. वस्ताद सहसा बाहेर येत नसत. आणि मी रोज सकाळी आत जाऊन, पळी तोंडाला लावून, "झकास" म्हणत होतो. मिठाचं विचारलं की म्हणायचो, "थोडं वाढवलं तरी चालेल." ते थोडं वाढवायचे, भीत भीत, चिमटीनं. त्या हातानं कधी चिमटीनं मीठ टाकलं नव्हतं.

एका शुक्रवारी दुपारी अण्णा आले. निपाणीची गाडी दारात लागली की आत वर्दी जायची. बांगडा होता, कैरी-तिरफळातला. अण्णा जेवत होते आणि वस्ताद हात पुसत त्यांना भेटायला बाहेर आले. अण्णांनी त्यांना येताना पाहिलं आणि आपला तो भलामोठा पंजा टेबलावर कशावर तरी झाकला.

मी गल्ल्यावरून बघत होतो.

"काय म्हणतंय निपाणी?" वस्तादांनी विचारलं.

"हाय की. झ्याक हाय सगळं."

"बांगडा?"

"एक नंबर."

वस्ताद पंजाकडं बघत होते. अण्णा डाव्या हातानं जेवणारे नव्हेत, पण त्यांचा उजवा हात टेबलावर पालथा होता आणि घास तसाच ताटात पडला होता.

"अण्णा, हात काढा."

"जाऊ द्या की, वस्ताद."

"काढा म्हणतो न्हवं."

अण्णांनी हात काढला. खाली वाटी होती. ज्यानं एकदा सगळ्या खानावळीला ऐकू जाईल असं मीठ मागितलं होतं, त्यानं ते आता लपवलं होतं. मला वाटतं वस्तादांना मिठापेक्षा ते जास्त लागलं.

ते आत गेले. मी मागोमाग गेलो. त्यांनी पातेल्याचं झाकण काढलं, पळी बुडवली आणि आपल्या तोंडापाशी नेली. आक्काताईची विळी थांबली. वाफ त्यांच्या मिशांपर्यंत येत होती.

"चाखा, वस्ताद," आक्काताई म्हणाली. या वेळी ती चिडवत नव्हती. "एक डाव चाखा. काय व्हत न्हाई."

पळी तिथंच राहिली. मग त्यांनी ती खाली घेतली आणि पुढं केली. सवयीनं मी हात उचलला होता. पळी माझ्याकडं आली नाही, आक्काताईकडं गेली.

"माझी जीभ करपलीया की, वस्ताद."

"असू दे. खरं सांगाय पुरंल."

आक्काताईनं पदराला तोंड पुसून चाखलं. खाली बघत म्हणाली, "अळणी हाय."

"कवापास्नं?"

"पाडव्यापास्नं."

तेव्हा ते माझ्याकडं वळले. मी सांगितलं. ब्लडप्रेशर, डॉक्टर, वरची फळी, सगळं. वाट्या मीच आणल्या हेही सांगितलं. दोन गल्ल्या ओलांडणारा आवाज येईल म्हणून मी मान खाली घातली होती.

"मग आधी सांगायचं न्हवं व्हय?" ते इतकंच म्हणाले. "मी माझ्या हाताला शिव्या घालत बसलोतो."

त्यांनी बरणीत हात घातला, मूठ भरली, आणि न बघता पातेल्यात सोडली. पुन्हा कुणाला चाखायला दिलं नाही. त्या संध्याकाळी किसननं सगळ्या वाट्या गोळा केल्या तेव्हा दुपारनंतर एकीलाही कुणी हात लावलेला नव्हता.

तो हंगाम त्यांनी पुरा केला. रोज सकाळी मी गल्ल्यावर बसून आतल्या हाकेची वाट पाहायचो. हाक यायची नाही. आक्काताई चाखायची, खारट का अळणी एवढंच सांगायची. आंबट आधी का तिखट आधी हे विचारणं त्यांनी सोडून दिलं होतं. पाऊस लागायच्या आधी समुद्रातली मासेमारी बंद होते, माशाची चूल थंड होते. तेव्हा त्यांनी कळंब्याची भाड्याची खोली रिकामी केली आणि मला नमस्कार करायला आले. मी राहा म्हणालो, बऱ्याचदा म्हणालो. "दुसऱ्याच्या जिभंवर किती दिवस काढायचं?" ते म्हणाले. त्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. पारूवहिनीला हवं होतं तसा त्यांनी राग सोडला होता, आणि तो माझ्यामुळं सुटला होता.

यंदा कैरीचं पोतं उतरलं त्याच आठवड्यात मी गगनबावड्याकडं निघालो. सोबत काय न्यावं ते सुचत नव्हतं. शेवटी निपाणीची तंबाखू घेतली. भावाच्या घराला लागून त्यांची एक खोली आहे, पुढं फणसाचं झाड, अंगणात तीन दगडांची चूल. ते चुलीपुढंच होते. अंग आणखी किरकोळ झालेलं, खांद्यावर तोच पंचा.

"या, या," म्हणाले. "टायमावर आलासा. बसा."

तंबाखू घेऊन त्यांनी अण्णांची चौकशी केली, आक्काताईची केली. माझ्या ब्लडप्रेशरची केली. मी म्हणालो, गोळी चालू आहे, बरं आहे. त्या "बरं"वर या वेळी त्यांनी मला टोकलं नाही.

पातेल्यातून ओळखीचा वास येत होता. कैरी, तिरफळ, ओलं खोबरं. बांगड्याच्या कालवणाचाच वास, आणि त्यात बांगडा नव्हता. फणसाची कुयरी होती, माशाच्या तुकड्यांसारखी जाड चिरलेली. त्यांनी झाकण काढलं, पळी बुडवली. माझा हात आपोआप पुढं झाला.

त्यांनी पळीतलं कालवण स्वतःच्या तळहातावर घेतलं आणि चाखलं. नवसानंतर पुऱ्या झालेल्या कालवणाला त्यांची जीभ लागलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो. डोळे मिटले. जीभ टाळ्याला लावून बारीक आवाज केला. मान एका बाजूला कलली, कुणाचं तरी लांबून बोलणं ऐकावं तशी. मग त्यांनी मिठाचे थोडे खडे टाकले, ढवळलं, पुन्हा चाखलं, आणि झाकण ठेवलं. मला काही विचारलं नाही. मी हात गुडघ्यावर ठेवला.

त्यांनी मला ताट वाढलं. भात, त्यावर कालवण, बाजूला फोडलेला कांदा. ताट माझ्यापुढं सरकवलं आणि हात मागं घेता घेता थांबले. बरणीत बोटं घालून मिठाची एक चिमूट त्यांनी ताटाच्या कडेला ठेवली.

"लागलं तर घ्या, पावणं," ते म्हणाले.